नाव बदललेलं नाही, चुकलेलं आहे

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. शेवटी कामाची माहिती दिली आहे.

लष्कराचं मेडल कधी हातात घेऊन बघितलंय का? समोरून सगळेच बघतात. एकदा कडेनं बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. छावणीच्या गावांत बाजारातही मेडलं मिळतात. रिबीन, बार, स्टार, जे पाहिजे ते. सरकारकडून मेडल यायला वर्षं लागतात, म्हणून नोकरीतले जवानसुद्धा परेडला घालायला बऱ्याचदा तिथूनच घेतात. दिसायला सारखंच असतं. पण त्या मेडलावर, स्वतः पैसे देऊन खोदून घेतलं नाही तर, कड कोरी असते.

आमच्या तालुक्यातले एक आबा गेली दोन वर्षं त्या कडेवरच्या नावासाठी भांडतायत. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पलटणीचं नावही मुद्दाम देत नाही. १९६८ साली भरती, १९८५ साली नायक म्हणून पेन्शनीत. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. दीड एकर रान, दोन म्हशी, आणि पायात एक जुनं दुखणं, त्याची गोष्ट पुढं येईल.

ते आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते 'नावात बदल'ची छोटी जाहिरात द्यायला. तालुक्याच्या पेपरात काम करणाऱ्याला ही जाहिरात रोजची. मजकूर ठरलेला असतो, 'मी माझे नाव अमुक बदलून तमुक असे केले आहे', फक्त नावं भरायची. आबांनी चष्मा लावून तो नमुना वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला.

"मी नाव बदललेलं नाही."

म्हटलं, आबा, सगळे हीच जाहिरात देतात.

"देऊ देत. माझं नाव बापानं ठेवलं तेच आहे. लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं. मग मी 'बदललं' असं का लिहून देऊ? उद्या कुणी विचारलं, का बदललंस, काय लपवायचं होतं, तर?"

आबांचं नाव 'ज्ञ'नं सुरू होतं. ज्यांचं नाव ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानेश्वर आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आपण मराठी माणसं इंग्रजीत 'ज्ञ' लिहिताना 'डी'पासून सुरुवात करतो. उत्तरेकडचा माणूस त्याला 'ग्य' म्हणतो आणि 'जी'पासून लिहितो. १९६८ साली भरतीच्या टेबलावर बसलेला क्लार्क उत्तरेकडचा होता. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. आबांना तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी अंगठ्याशेजारी मराठीत सही केली आणि रांगेत पुढं सरकले. सतरा वर्षं नोकरीत कुणाला अडचण आली नाही, कारण फौजेत माणूस नंबरानं ओळखला जातो. अडचण आली आधार कार्ड आल्यावर. आधारवर नाव 'डी'नं, पेन्शनच्या कागदावर 'जी'नं. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेत गेल्यापासून हयातीच्या दाखल्याच्या वेळी मशीन म्हणायला लागलं, हे दोन वेगळे इसम आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. काकींचं नाव.

आबांचं लग्न १९७३ साली झालं. काकी त्यांच्या मामाची मुलगी. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, आपल्याकडं लिहितात तसं. सासरी सगळे त्या नव्या नावानं हाक मारू लागले, रेशन कार्डावर तेच, मतदार यादीत तेच, आधारवर तेच. आबा सुट्टी संपवून परत गेल्यावर क्लार्कनं लग्नाची नोंद करायला बायकोचं नाव विचारलं आणि आबांच्या तोंडातून माहेरचं नाव निघालं. "लहानपणापासून त्याच नावानं हाक मारत होतो. दुसरं नाव आठ दिवसांचं जुनं. ते कुठलं तोंडात बसायला?"

आता याचा अर्थ काय होतो ते बघा. आबांच्या मागं काकींना फॅमिली पेन्शन मिळायची आहे. कागदावर ती मिळणार आहे माहेरच्या नावाच्या बाईला. त्या नावाची बाई आज एकाही सरकारी ओळखपत्रावर अस्तित्वात नाही. नवरा गेल्यावर आधार कार्ड घेऊन बँकेत गेलेल्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं जातं, ही पेन्शन तुमची नाही. मी बातमीदारीत अशा तीन बायका बघितल्यात. एकीला दीड वर्ष लागलं, आणि तिच्याकडून कागदावर सही घेणारा, ओळख पटवणारा नवरा तेव्हा राहिलेला नव्हता. आबांची घाई या कारणासाठी होती. "मी जिवंत आहे तवर हे निस्तरलं पाहिजे," एवढंच ते म्हणायचे.

मजकुराचा प्रश्न एका ओळखीच्या वकिलानं सोडवला. प्रतिज्ञापत्रात 'नाव बदलले' असं न लिहिता 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं लिहिता येतं. तहसीलमध्ये कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ते केलं. आबांचं एक, काकींचं एक. तोच मजकूर एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात. आबांनी मराठीतली जाहिरात तीनदा वाचली आणि मान हलवली. त्यात कुठंही 'बदल' हा शब्द नव्हता.

अर्जाला डिस्चार्ज बुकाची प्रत जोडायची होती. पत्र्याच्या ट्रंकेतून ते पुस्तक निघालं, पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. झेरॉक्स काढताना मी मेडलांचं पान वाचलं. संग्राम मेडल होतं. सैन्य सेवा मेडल होतं. १५ ऑगस्ट १९७२ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल होतं. नऊ वर्षांच्या सेवेचंही होतं. मी सहज विचारलं, आबा, तुम्ही तर बांगलादेशच्या लढाईत पूर्वेला होता ना? मग पूर्वी स्टार कुठाय?

आबा गप्प बसले. मग म्हणाले, "ते राहिलंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७१चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं. १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. पूर्व आघाडीच्या युद्धक्षेत्रात जे प्रत्यक्ष होते त्यांच्यासाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होते त्यांच्यासाठी पश्चिमी स्टार. शौर्यपदक नव्हे. त्याला पैसे नाहीत, जमीन नाही, एसटीचा पास नाही. पाच टोकांचा कांस्याचा तारा, एवढंच. तो सांगतो की हा माणूस तिथं होता.

आबा तिथं होते. आठवडाभर. रात्री नदी ओलांडताना होडीतून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवत होते. एक पेटी निसटली आणि पायावर आली. घोटा मोडला. "गोळी लागली असती तर सांगायला तरी बरं होतं," हे ते अजून हसत सांगतात, पण पूर्ण हसत नाहीत. तिथून मागं फील्ड हॉस्पिटल, मग कलकत्त्याचं कमांड हॉस्पिटल. ढाका पडल्याची बातमी त्यांनी पलंगावर, रेडिओवर ऐकली.

मेडल हुकलं ते इथं. हॉस्पिटलात गेल्यावर काही काळानं पलटणीच्या पटावरून नाव कमी झालं. बरे होऊन सेंटरला आले तर तिथून दुसऱ्या पलटणीत पाठवलं. मेडलची यादी काही महिन्यांनी तयार झाली. जुन्या पलटणीनं आपल्या पटावर जे आहेत त्यांची नावं पाठवली. नवी पलटण समजली की याचं नाव जुन्या पलटणीनं पाठवलं असेल. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर होते आणि माणूस मधल्या मध्ये गळाला.

त्यानंतर पन्नास वर्षं आबांनी तोंड उघडलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्यासोबतची दोन पोरं परत आली नाहीत. मी पाय मोडून आलो. तारा मागायला लाज वाटली."

मग आता का? त्याला कारण घडलं २०२१ साली. विजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून देशभर कार्यक्रम चालले होते, दिल्लीहून निघालेल्या मशाली गावोगाव फिरत होत्या. आमच्याकडंही एका संस्थेनं माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. ज्यांच्याकडं पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आहे ते पहिल्या रांगेत, शाल-श्रीफळ त्यांना. बाकीचे माजी सैनिक मागच्या खुर्च्यांवर. आबा मागं बसले. त्यांचा नातू शेजारी होता, तेव्हा सातवीत. त्यानं विचारलं, "आबा, तुम्ही तर म्हणता तुम्ही लढाईत होता." आबा म्हणतात, पोरानं वाईट हेतूनं नाही विचारलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आम्ही अर्जात तिसरी गोष्ट घातली. आबांच्या नावाची दुरुस्ती, काकींच्या नावाची दुरुस्ती आणि पूर्वी स्टारचा दावा. क्रमही महत्त्वाचा होता. नाव आधी दुरुस्त व्हायला हवं, नाहीतर मेडल आलं तरी कडेवर चुकीचं नाव कोरलेलं येणार.

पुराव्याला काय? आबांकडं त्या दिवसांतलं एक पत्र होतं, आईला लिहिलेलं. मजकुरात काही नाही, मी बरा आहे, बैल विकू नका, एवढंच. लष्करी पत्रात ठिकाण लिहायचं नसतंच. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात '९९ एपीओ' आहे. फौजी घरांना हे आकडे पाठ असतात. ५६ एपीओ म्हणजे उत्तर-पश्चिमेकडची पलटण, ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची. तारीख नोव्हेंबर १९७१. एका आईनं पत्र जपून ठेवलं म्हणून आम्हाला तो धागा मिळाला. दुसरा पुरावा एक साथीदार. त्याच होडीत होता, सीमाभागातल्या एका गावी राहतो, त्याच्याकडं तारा आहे. आबांचा फोन गेला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "पाय कसाय?" बावन्न वर्षांनी. त्यानं दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र करून पाठवलं.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला गेला. तिथल्या क्लार्कनं कागद नीट लावून दिले, हे मुद्दाम सांगतो, कारण आपण फक्त अडवणाऱ्यांच्याच बातम्या करतो. चार महिने काही हाललं नाही. मग माहिती अधिकारात अर्ज केला. स्वतःची शीट रोल, हॉस्पिटलात दाखल झाल्याची पार्ट टू ऑर्डर आणि मेडलची यादी, या तीन गोष्टींच्या प्रती मागितल्या.

उत्तर आलं. विहित मुदतीनंतर कागदपत्रं नष्ट केलेली आहेत.

आबांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि चहा सांगितला. पण मला त्यात एक गोष्ट खटकत होती. जुने कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे तो ज्यांना पेन्शन नाही अशांच्या बाबतीत. आबांची पेन्शन तर दर महिन्याला जमा होते. कागद नाहीत तर ती कशाच्या आधारावर येते? आणि लाँग रोल नावाचं रजिस्टर तर कायम जपायचं असतं. अपिलात आम्ही एवढे दोनच मुद्दे लिहिले. वकील नाही, भाषण नाही, एका पानात.

अपिलानंतर शीट रोल सापडली. तिच्यात हॉस्पिटलची नोंद होती, तारखेसकट. पेन्सिलीनं लिहिलेली, पण होती. म्हणजे माणूस गळाला होता, नोंद गळाली नव्हती. बावन्न वर्षं ती त्या कपाटात होती आणि कुणीतरी विचारण्याची वाट बघत होती.

आज परिस्थिती अशी. आबांचं नाव दुरुस्त झालं. काकींचं नाव दुरुस्त झालं, पेन्शनच्या कागदावर आता सासरचं नाव आहे. ते पत्र आलं त्या दिवशी काकींनी ते देवाजवळ ठेवलं. मला म्हणाल्या, "आता यांनी कधी जायचं ते खुशाल जावं." आबा म्हणाले, "बघा पत्रकार, एवढ्या वर्षांचा संसार." पूर्वी स्टारचा हक्क मान्य झाल्याचं पत्र आलंय. मेडल आलेलं नाही. उपलब्धतेनुसार पाठवण्यात येईल, असं लिहिलंय. कधी, ते लिहिलेलं नाही.

मी सुचवलं, हक्क मान्य झालाय, बाजारातून एक आणू, नाव कोरून घेऊ, १६ डिसेंबरला लावा. आबा नाही म्हणाले. "फौजेनं द्यायचं आहे, सोनारानं नाही."

या सगळ्यात खलनायक कुणी नाही. क्लार्कनं ऐकलं ते लिहिलं, पलटणींनी आपापल्या याद्या पाठवल्या, नियम आहेत ते कुणाच्या वाईटावर केलेले नाहीत. तरीही चूक ऑफिसात झाली आणि ती सिद्ध करायचं काम पंचाहत्तरीच्या माणसावर आलं. प्रतिज्ञापत्र त्याचं, जाहिरातीचा खर्च त्याचा, साक्षीदार शोधायचा त्यानं, हेलपाटे त्यानं घालायचे. आबांना रस्ता सांगणारे दोन-चार जण भेटले. ज्यांना भेटत नाहीत त्यांचं काय?

सातारा, सांगली, कोल्हापूर हा फौजेचा पट्टा. अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी अशी गावांची नावं आपण कौतुकानं सांगतो. दर १५ ऑगस्टला आपण शाली वाटतो. माझी संस्थांना, ग्रामपंचायतींना आणि लोकप्रतिनिधींना एक साधी विनंती आहे. यंदा शालीऐवजी एक दिवसाचं शिबिर घ्या. एक टायपिस्ट, एक झेरॉक्स मशीन, प्रतिज्ञापत्राची सोय आणि सैनिक कल्याण कार्यालयातला एक माणूस. माजी सैनिकांनी डिस्चार्ज बुक घेऊन यावं आणि चुका तिथंच काढाव्यात. खर्च शालींपेक्षा कमीच येईल.

आता कामाचं.

एक. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनची ऑर्डर आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा. नवरा-बायको दोघांचंही नाव आणि जन्मतारीख इंग्रजी स्पेलिंगसकट जुळवून बघा.

दोन. बायकोचं नाव माहेरचं लागलं असेल तर नवरा हयात असतानाच दुरुस्त करा. नंतर फार हाल होतात.

तीन. नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल तर 'बदलले' असं लिहायची गरज आहे का, हे आधी विचारा. 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र चालतं का ते सैनिक कल्याण कार्यालयात बोलून घ्या.

चार. मेडलांचं पान वाचा. कुठं, कधी होतात ते आठवा. राहिलेल्या मेडलसाठी अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. सैनिक हयात नसेल तर वारसही मागू शकतात.

पाच. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, उत्तर पटलं नाही तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज मराठीत करता येतो. 'कागद नष्ट' असं उत्तर आलं तर लगेच हार मानू नका.

सहा. जुनी पत्रं जाळू नका, रद्दीत देऊ नका. त्यांतला एक आकडासुद्धा साक्ष देतो.

कुणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर ऑफिसात या, फुकट देतो. आणि आबांचा तारा आला की इथंच कळवीन. फोटो टाकीन तो कडेचा.